ताई-दादांच्या तासाला काय होतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय जरा गोल छापलाय, ‘किशोरवयीन आरोग्यसंवाद’. मी सरळच विचारते: आठवी-नववीच्या मुलांना लैंगिक आरोग्याबद्दल अकरावी-बारावीच्या मुलांनी शिकवावं का? शिकवावं. ज्या शाळांना ज्युनिअर कॉलेज जोडलेलं आहे, तिथं तर हे सहज जमेल. फक्त ‘चला, बाई सुटल्या’ म्हणून कुणी हो म्हणत असेल, तर त्याला माझा विरोध आहे.

बाईंची अडचण मला कळते. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, पण तो आला की ‘हे घरी वाचा’. 2007 साली तर विरोध झाला म्हणून राज्यानं शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. तेव्हा वर्गात बसलेली मुलं आज शिक्षक म्हणून रुजू झाली आहेत. ती कुणाकडून शिकणार होती?

प्रश्नपेटीचं सांगते. बुटाच्या खोक्याला फट पाडायची आणि चिठ्ठी प्रत्येकानं टाकायचीच. प्रश्न नसेल तर कोरी. नाहीतर लिहिणारा लगेच ओळखू येतो. ‘झोपेत वीर्य गेलं तर अशक्तपणा येतो का?’ ही चिठ्ठी हमखास निघते. एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे पोरांनी कुठून तरी ऐकलेलं असतं, आणि लोकलच्या डब्यातले ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’वाले कागद ती भीती जोपासतात. मी डॉक्टरी उत्तर दिलं की मुलं नुसत्या माना डोलावतात. बारावीतला दादा म्हणतो, ‘अरे, सगळ्यांनाच होतं. चड्डी बदलायची आणि झोपायचं.’ वर्ग फिस्सकन हसतो, भीती तिथंच संपते. ते हसू मला आणता येत नाही.

पण याचा परिणाम किती? इंग्लंडमध्ये 27 शाळांत याची रीतसर चाचणी झाली. त्यातल्या काही शाळांत 16-17 वर्षांच्या मुलांनी 13-14 वर्षांच्या मुलांचे तीन तास घेतले. बाकी शाळांत नेहमीप्रमाणे शिक्षकांनी. 2004 साली निष्कर्ष आले. मुलांना मोठ्या मुलांचे तास जास्त आवडले. सोळाव्या वर्षापर्यंत संबंध आल्याचं सांगणाऱ्या मुली थोड्या कमी निघाल्या, मुलग्यांत फरक नाही. पुढं विसाव्या वर्षापर्यंतच्या गर्भपाताच्या नोंदी तपासल्या, तर दोन्हीकडे सारख्याच. तीन तासांत आयुष्य बदलत नाही हो! तोंड उघडतं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही हे करण्यासारखं आहे. आणखी एक: निम्म्याहून जास्त मुलींना काही तास फक्त मुलींचे हवे होते. आपल्याकडे हा आकडा आणखी वरच जाईल, असा माझा अंदाज.

आता अवघड भाग. तास संपल्यावर एखादी मुलगी ताईला बाजूला घेते. ‘कुणाला सांगू नकोस हं, काका घरी येतात तेव्हा...’ ही ताई स्वतः सतरा वर्षांची. 2012च्या पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही म्हणून अठराखालच्या मुलाला शिक्षा नाही, पण मोठ्यांना आहे. आणि शिक्षेचं सोडा, रात्री झोप उडते ती त्या ताईची. म्हणून तासाच्या सुरुवातीलाच तिनं सांगायचं: ‘कुणी त्रास देत असेल तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही, मॅडमना सांगणार.’ मग त्या मॅडम कोण, कुठं बसतात, हे शाळेनं आधी ठरवायला नको? 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहिणं ठीक, पण शाळेतलं माणूस लागतंच. ते माणूस नसेल तर हा कार्यक्रम सुरू करू नका, असं मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगते.

राहिली निवड. शिक्षक हुशार, गुणी, मॉनिटर मुलं पाठवतात. आठवीतलं पोर मॉनिटरला असलं काही विचारेल? त्यापेक्षा लहान वर्गांनाच चिठ्ठीवर लिहू द्या: ‘कुणापाशी बोलावंसं वाटतं?’ मागच्या बाकावरची दोन-तीन नावं त्यात हमखास येतील. ती खोडू नका.