बुरान नेमकं कशासाठी बांधलं होतं?

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना माझ्या नोकरीतल्या सगळ्या बदल्या गावांसकट सांगितल्या. साडेआठला हॉल रिकामा करायचाय म्हणतात, तेव्हा नमनाचं तेल तिथंच संपलं असं समजू. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सोव्हिएत अवकाशयान बुरान आणि त्याची नियोजित कामं’. कामांकडे येतोच. त्याआधी एक जुनं भांडण.

बुरानचं नाव काढलं की समोरून एकच वाक्य येतं: “ती अमेरिकन शटलची कॉपी ना?” शटल म्हणजे विमानासारखं उतरून पुन्हा उडणारं यान. फोटो शेजारी ठेवले तर तसं वाटतंही, आणि बाहेरचा आकार रशियनांनी शटलकडे बघूनच ठरवला, हे मी नाकारत नाही. पण मागून बघा की! शटलच्या शेपटीत तीन मोठी इंजिनं असायची. बुरानला उड्डाणाची मुख्य इंजिनं नव्हतीच. सगळी ताकद खालच्या एनर्जिया रॉकेटची. मध्ये द्रव हायड्रोजनवर चालणारी चार इंजिनं, बाजूला केरोसिनचे चार बूस्टर, म्हणजे जोडरॉकेटं. बुरान म्हणजे त्या रॉकेटच्या अंगावरचं सामान. ते उतरवून दुसरं काही चढवा, रॉकेट सुमारे १०० टन कक्षेत न्यायला तयार. शटलला ही सोय नव्हती.

आणि उतरणं! यावर मी जरा जास्त बोलतो, घरचेही कंटाळलेत. १५ नोव्हेंबर १९८८, बायकोनूरचा अवकाशतळ, मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे सहा. ऑक्टोबर अखेरचा पहिला प्रयत्न ५१ सेकंद उरलेली असताना थांबवावा लागला होता. यावेळी वादळाचा इशारा, ढग खाली आलेले, तरी सोडायचं ठरलं. यानात माणूस नाही. पृथ्वीला दोन फेऱ्या मारून बुरान परत आलं, तेव्हा धावपट्टीवर जोरदार वारा. सोबतीला मिग-२५ हे लढाऊ विमान घेऊन मागोमाग चाचणी वैमानिक मागोमेद तोल्बोयेव. सगळे अपेक्षा करतायत की यान नेहमीच्या बाजूनं वळून धावपट्टीसमोर येणार. ते भलतीकडेच वळलं! धावपट्टीची रेषा आडवी ओलांडून पलीकडे. खाली जमलेल्यांना काय वाटलं असेल? गेलं, संगणकाचं डोकं फिरलं! डोकं फिरलेलं नव्हतं. वारा मोजून संगणकानं हिशेब केला होता की आपल्याकडे ऊर्जा जास्त आहे, आधी ती खर्च करू, मग उतरू. मोठा वळसा घेतला आणि उतरलं, मध्यरेषेपासून जेमतेम तीनेक मीटरवर, अपेक्षित वेळेच्या एक सेकंद आधी. शटल जमिनीला टेकवायचं काम शेवटपर्यंत कमांडरच्याच हाती राहिलं. कॉपी म्हणणाऱ्यांनी हे कुठून कॉपी केलं तेवढं सांगावं.

(टाळ्या उतरण्याला आहेत असं मानतो.)

वैमानिकांचंही सांगायला हवं. एप्रिल १९८४, राकेश शर्मा, सॅल्यूत-७ हे सोव्हिएत अवकाशस्थानक. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ते ‘सारे जहाँ से अच्छा’ टीव्हीवर ऐकल्याचं आठवत असेल. त्याच स्थानकावर जुलैमध्ये इगोर वोल्क गेला. हा बुरानसाठी निवडलेला चाचणी वैमानिक. वजनरहित अवस्थेतून आलेल्या माणसाचा हात विमान चालवताना स्थिर राहतो का, हे बघायचं होतं. म्हणून पृथ्वीवर परतल्या परतल्या त्याला तू-१५४ हे प्रवासी विमान आणि मिग-२५ चालवायला बसवलं. आपण रात्रीच्या एसटीनं आलो तरी दुसऱ्या दिवशी रजा टाकतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, कामं.

पहिली गोष्ट: काम आधी आणि यान मग, असं झालंच नाही. १९७६च्या फेब्रुवारीत निर्णय झाला. त्या काळात गणितज्ञ केल्दिश यांच्या उपयोजित गणित संस्थेत शटलचे आकडे तपासले जात होते. अमेरिका म्हणत होती वर्षाला ६० उड्डाणं, ३० टन वर, १५ टन खाली. एवढं सामान आहे कुठं? आणि खाली काय आणणार? हिशेब जुळेना. शेजाऱ्यानं तोट्यातलं दुकान वर्षानुवर्षं उघडं ठेवलं तर गल्ली काय म्हणते? मागच्या खोलीत दुसराच धंदा आहे. रशियन हेच म्हणाले. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डनबर्गहून उडून, एका फेरीत मॉस्कोवर झेपावून बॉम्ब टाकता येईल, असंही गणित मांडलं गेलं. प्रत्यक्षात व्हॅन्डनबर्गहून शटल कधी उडालंच नाही आणि सगळ्यात गर्दीच्या १९८५ सालीही उड्डाणं ९च झाली. अमेरिकेचा अंदाज निव्वळ चुकला होता! पण शत्रू मूर्ख असू शकतो, हे कुठल्याच लष्कराच्या फाइलीत बसत नाही. म्हणून आदेश निघाला: त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याकडेही हवं. ३० टन वर, २० टन खाली.

मग कामं शोधली. घाईत सांगतो. पहिलं काम, लेसर बसवलेलं ‘स्किफ’ आणि क्षेपणास्त्रांचं ‘कास्काद’, ही अवकाशातली शस्त्रं. स्किफचा चाचणी नमुना मे १९८७ मध्ये एनर्जियाच्या पहिल्याच उड्डाणात गेला, दिशा बदलताना जास्तच फिरला आणि कक्षेत न जाता समुद्रात पडला. दुसरं काम म्हणजे मीर-२ स्थानकाचे भाग नेणं, जुने परत आणणं. तिसरं, तेव्हा कक्षेत असलेल्या मीर स्थानकाला जोडलं जाणं. त्यासाठी मीरच्या ‘क्रिस्ताल’ भागावर खास जोडणी बसवून १९९० मध्ये पाठवलीही. बुरान तिथं पोचलंच नाही; देशच उरला नाही, पैसे कुठले? १९९५ मध्ये त्या क्रिस्तालला येऊन जोडलं गेलं ते अमेरिकेचं शटल, अटलांटिस.

हो हो, संपवतो. एनर्जियाच्या बूस्टरमधलं आरडी-१७० हे इंजिन. त्याचं निम्मं करून आरडी-१८० बनवलं आणि ते अमेरिकेला विकलं. त्यावर अॅटलस-५ रॉकेट वर्षानुवर्षं उडालं, अमेरिकेचे हेरगिरीचे उपग्रहसुद्धा त्यानंच वर नेले. या कामाचा १९७६च्या कुठल्याच कागदात उल्लेख नव्हता. प्रश्न आता चहाबरोबरच घेऊ, हॉलवाले दिवे मालवायला लागलेत.