पाठीवर कुणाचं नाव?

(नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघापुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

सर्वांना सलाम. तरुण संघानं मला विषय दिलाय, बाइकर लोकांत राहून सेवा करताना विश्वास कसा टिकवायचा. घरी सांगितल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, “आधी रविवारी उपासनेला येऊन दाखवा म्हणावं, मग सेवेचं बघू.” हसू नका, दुखणं तिथंच आहे. रायडर ग्रुपची राइड निघते रविवारी पहाटे, कारण तेव्हाच रस्ता मोकळा आणि सगळ्यांना सुट्टी. पुणे रस्त्याला कुठंतरी मिसळ, दोन फोटो, बारापर्यंत घरी. आपली उपासना साडेनऊला. मग वडीलजनांनी विचारलं की पोरं सांगतात, “आम्ही त्यांच्यात साक्ष द्यायला जातो.”

माझे वडील पाळक होते. त्यांच्याकडे राजदूत होती, नेवाशाकडच्या खेड्यांतल्या मंडळ्या ते तिच्यावरून फिरायचे. पावसाळ्यात ती ढकलत आणायचं काम माझं. पण गाडी चालवण्याला त्यांनी कधी सेवा म्हटलं नाही. गाडीनं सेवेला जाता येतं, एवढंच त्यांचं म्हणणं. हा फरक मनात ठेवून पुढचं ऐका.

पूर्व लंडनमध्ये हॅकनी विक नावाचा कामगारवस्तीचा भाग आहे. तिथल्या सेंट मेरी ऑफ ईटन चर्चमध्ये १९५९ साली जॉन ओट्स या तरुण सहायक धर्मगुरूनं पोरांसाठी क्लब काढला आणि सालावरून त्याला नाव पडलं ‘५९ क्लब’. उद्घाटनाला क्लिफ रिचर्ड आला होता. म्हणजे सुरुवात अगदी सोज्वळ, गाणीबिणी. मोटरसायकली आल्या १९६२ मध्ये आणि त्या आणल्या बिल शेरगोल्ड यांनी. हे तिथले मुख्य धर्मगुरू, स्वतः मोटरसायकल चालवणारे.

त्या वेळी लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे हा बाइकवाल्या पोरांचा अड्डा होता. १९३८ पासूनचं, रात्रंदिवस उघडं. ताशी शंभर मैल गाठले की ‘टन’ झाला म्हणायचे. शंभर मैल म्हणजे आपले एकशे साठ किलोमीटर, आणि तेही त्या काळच्या ब्रेकवर. किती पोरं त्या रस्त्यावर गेली असतील विचार करा. या पोरांसाठी खास उपासना ठेवायची आणि निमंत्रण द्यायला स्वतः एसला जायचं, असं शेरगोल्ड यांनी ठरवलं.

निघताना त्यांनी गळ्यातली धर्मगुरूची पांढरी कॉलर स्कार्फनं झाकली. कॅफे जवळ आलं आणि धीर सुटला. पोरं आपली पँट तरी काढून घेतील, नाहीतर कालव्यात तरी फेकतील अशी भीती वाटत होती, हे त्यांनीच पुढं सांगितलंय. म्हणून थांबायच्या ऐवजी त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला आणि सरळ पुढं निघून गेले. मग गाडी वळवली, परत आले, आत गेले. कुणी कालव्यात फेकलं नाही. उलट घोळका जमला आणि गप्पा सुरू झाल्या.

मला या गोष्टीत तो स्कार्फ फार आवडतो. तो त्यांनी बांधला, कारण माणूस घाबरला होता. पण आत गेल्यावर तो सोडावा लागला, कारण निमंत्रण धर्मगुरूचं होतं. कॉलर झाकलेलीच ठेवली असती, तर ते फक्त अजून एक बाइकवाले ठरले असते, आणि तसे तिथं भरपूर होते. पुढं उपासना झाली, पोरं लेदर जाकिटांत आली, काही मोटरसायकली थेट चर्चच्या आत उभ्या राहिल्या. क्लबचा बाइक विभाग हजारो सभासदांचा झाला. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टनच्या समुद्रकिनारी मॉड म्हणजे स्कूटरवाल्या आणि रॉकर म्हणजे लेदर जाकिटातल्या बाइकवाल्या पोरांच्या मारामाऱ्या झाल्या आणि सगळ्या इंग्लंडनं लेदर जाकिटाचा धसका घेतला, तेव्हाही चर्चचं दार या पोरांना बंद झालं नाही. शेरगोल्ड शेवटपर्यंत ‘फादर बिल’च राहिले.

पण हे झालं कॅफेतल्या पोरांचं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ज्यांना ‘आउटलॉ क्लब’, म्हणजे कायदा न जुमानणारे बाइकर क्लब म्हणतात, ती दुनिया वेगळी आहे. तिथं पाठीवर तीन तुकड्यांची खूण असते. वर क्लबचं नाव, मधे चिन्ह, खाली इलाका. ती बाजारात मिळत नाही. आधी उमेदवारी करायची. गाड्या राखा, सांगतील ती कामं करा, रात्री-अपरात्री बोलावलं की या. मग सगळ्यांनी होकार दिला तर खूण मिळते. आणि मिळाली तरी ती तुमची नव्हे, क्लबची. क्लब सोडला की परत करायची. ऐकताना काही ओळखीचं वाटतं का? मला तर हे बाप्तिस्म्याच्या वर्गापेक्षा कडक वाटतं.

अशा लोकांत जायचं जॉन स्मिथ यांनी ठरवलं. मेथडिस्ट पाळकाचा मुलगा, लांब केस, मेलबर्नचा माणूस. १९७२ पासून त्यांनी तिथं ‘गॉड्स स्क्वॉड’ हा ख्रिस्ती मोटरसायकल क्लब उभा केला. पत्रकं वाटून निघून जाणारी ही मंडळी नव्हेत. त्यांनी क्लबची रीत घेतली आणि पाठीवर स्वतःची खूण लावली. आज युरोपातही त्यांच्या शाखा आहेत. स्मिथ २०१९ साली वारले.

त्याच ऑस्ट्रेलियातली दुसरी तारीख सांगतो. २ सप्टेंबर १९८४, रविवार, तिथला फादर्स डे. सिडनीच्या मिलपेरा भागात एका पबच्या पार्किंगमध्ये कोमांचेरो आणि बँडिडोज हे दोन क्लब भिडले. सात जण मेले. त्यांत चौदा वर्षांची एक मुलगी होती, तिचा या भांडणाशी काहीही संबंध नव्हता. तिथले बँडिडोज हे कोमांचेरोतूनच फुटून निघालेले. म्हणजे थोड्याच काळापूर्वी हे सगळे एकाच खुणेखाली एकमेकांना भाऊ म्हणत होते.

या माणसांत निष्ठा कमी होती असं नाही. ती काठोकाठ भरली होती, फक्त तिच्या वर काही नव्हतं.

आपल्या मंडळीला दारूची, शिव्यांची, टॅटूची भीती वाटते. मला त्यांची तेवढी वाटत नाही. वाईट गोष्ट समोर आली की ती वाईट आहे हे ख्रिस्ती पोराला कळतं. धोका त्या दुनियेतल्या चांगल्या गोष्टीत आहे. माळशेज घाटात रात्री दोनला तुमची क्लच वायर तुटली, तर ग्रुपमधला कुणीतरी वायर आणि पाना घेऊन येतो. आता प्रामाणिकपणे सांगा, त्याच वेळी मंडळीच्या सचिवांना फोन केला तर ते उचलतील का? (सचिव मान हलवताहेत. उचलतील म्हणे. बरं, लिहून ठेवा.) म्हणून पोराला वाटायला लागतं, खरी मंडळी हीच. इथं कुणी कुणाचं पोट मारत नाही, आडनाव विचारत नाही, भावकीची भांडणं नाहीत. प्रार्थना सुटते ती त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण प्रार्थनेतून जी ऊब मिळायची ती दुसरीकडून मिळत असते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. पंचेचाळिशीत मलाही बुलेटचं वेड लागलं. लडाखची तयारी चालली होती. एक दिवस आमच्या खजिनदारांनी काही न बोलता वही पुढं सरकवली. माझ्या नावापुढं दशमांशाच्या, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या रकान्यात आठ महिने नुसती रेघ. त्याच आठ महिन्यांत मी रायडिंग जाकीट, गुडघ्याचे गार्ड आणि सामानाच्या दोन पेट्या घेतल्या होत्या. दारूचा थेंब घेतला नव्हता, एक शिवी दिली नव्हती. राइडच्या आधी ग्रुपमध्ये मीच प्रार्थना करायचो आणि सगळे माना खाली घालायचे. मला वाटायचं, केवढी साक्ष चाललीय! त्या खजिनदारांचा राग मला दोन आठवडे होता.

तरुण संघाच्या टी-शर्टवर तुम्ही बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय छापलाय, बावीसावं वचन, ‘मी सर्वांना सर्व काही झालो आहे’. चांगलंय. पण पौल तिथं थांबत नाही. पाचच वचनं पुढं, सत्ताविसाव्यात, तो म्हणतो की मी स्वतःच्या शरीराला ताब्यात ठेवतो, नाहीतर दुसऱ्यांना संदेश सांगून मी स्वतःच नापास व्हायचो. ते टी-शर्टवर कुणी छापत नाही. माझ्या मते सत्ताविसावं वचन पाठ नसेल, त्यानं बावीसावं अंगावर घालू नये.

आपल्याकडं नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. हा माणूस आता बाहेर चाललाय की बाहेरच्यांना आत आणतोय, अशी शंका त्यांच्याबद्दलही होती. टिळक बाइकवर नव्हते, पण बाहेर पाऊल टाकणाऱ्याकडं मंडळी कशी बघते, हे त्यांनी भोगलं. म्हणून दोष फक्त पोरांच्या पदरात टाकायला मी आलेलो नाही.

मग करायचं काय? एकट्यानं जाऊ नका, प्रभूनंही शिष्यांना दोघं-दोघं करून पाठवलं. मंडळीतला एक माणूस असा ठेवा, ज्याला तुमचं बँक पासबुक आणि मोबाइल दोन्ही बघायची मुभा आहे, आणि तो बाइकवाला नसलेला बरा. ग्रुपला वर्षातून दोन-तीनदा तरी ‘नाही’ म्हणा. नाताळला नाही, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला नाही. जो ग्रुप तुमचं ‘नाही’ ऐकून तुम्हाला काढून टाकतो, तो तुमची खूण परत मागतोय असं समजा आणि देऊन टाका.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात हर्ब श्रीव्ह या पाळकांनी १९७५ मध्ये ख्रिस्ती मोटरसायकलस्वारांची संघटना काढली. मुलाशी तुटत चाललेलं नातं जुळावं म्हणून ते गाडीवर बसले होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. माणूस सेवेच्या मोठ्या कल्पनेनं निघाला नव्हता, पोरासाठी निघाला होता. आज ती संघटना दरवर्षी राइड काढून पैसे जमवते आणि त्यातून इतर देशांतल्या पाळकांना मोटरसायकली घेऊन देते. वडिलांची राजदूत मला इथं आठवते.

आता वडीलजनांना एक विनंती. महिन्यातून एका रविवारी सकाळी सहाला छोटी उपासना ठेवा. अर्ध्या तासाची, प्रभूभोजनासह. साडेसहाला पोरं मोकळी होतील. आणि ग्रुपमधले इतर समाजांचे मित्र आवारात थांबले, तर त्यांना चहा द्या. तो चहा कोण करणार यावर सभा घेऊ नका. आमच्या सौ. करतील, मी विचारलंय.

शेवटी, सचिवांनी चिठ्ठी पाठवलीय की गाड्यांसाठी आशीर्वादाची प्रार्थना ठेवावी का, की ते दसऱ्याच्या गाडीपूजेसारखं दिसेल? मित्रहो, दसऱ्याला शेजाऱ्याच्या बुलेटला झेंडूची माळ घातलेली बघून मला कधी वाईट वाटलं नाही. तो ज्यावर पोट चालतं त्याचे आभार मानतो. आपण प्रार्थना करू ती चालवणाऱ्यासाठी, घरी जागत बसणाऱ्या आईसाठी, आणि रस्त्यानं चालणाऱ्या माणसासाठी. गाड्या जरूर आणा, चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आणा. पण हेल्मेट सीटला टांगलेलं नको, डोक्यावर हवं. आणि ते फटफट आवाजाचे सायलेन्सर आदल्या दिवशीच काढून जुने बसवून या. समोरच्या वाड्यात बाळंतीण आहे.