धूर दिसू दे

मंडळी, नायट्रो गाडीचं, म्हणजे खऱ्या इंजिनावर पळणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाडीचं इंजिन ट्यून कसं करायचं हा आजचा विषय. तिथे येतोच, पण आधी एक विचारतो. सकाळी चेतक तिरकी करून मग किक मारलेली माणसं इथे किती आहेत? हात वर करा. बघा, निम्मी खोली! म्हणजे निम्मा विषय तुम्हाला येतोच. आपण पेट्रोलमध्ये तेल का घालायचो? तसल्या टू-स्ट्रोकला तेलाची वेगळी सोय नसते. इंधनाबरोबर येईल तेवढंच त्याचं वंगण.

रिमोटच्या गाडीतलं साडेतीन सीसीचं इंजिन तसंच. मुठीत मावतं, पण मिनिटाला तीस हजारांच्या वर फिरतं. त्याच्या इंधनात मिथेनॉल, 16 ते 30 टक्के नायट्रोमिथेन आणि दहा-पंधरा टक्के तेल. ठिणगी नाही. स्पार्क प्लगच्या जागी ग्लो प्लग, सुरू करताना त्याची तार बॅटरीने तापवायची. मग त्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची प्रक्रिया होते आणि तार लाल राहते. सुरू झाल्यावर बॅटरी काढून घ्या, ते आपलं आपण चालतं.

आता मला जे सांगायचंय ते. कार्ब्युरेटरमध्ये किती इंधन जायचं ते सुई ठरवते. सुई आवळली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, आणि वेग वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुई आवळताना तुम्ही नुसतं इंधन कमी करत नाही, तेलही कमी करता. मागे दिसतो तो धूर त्या तेलाचाच. हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही.

माझं पहिलं इंजिन अडीच सीसीचं होतं. डिसेंबरातल्या एका दुपारी नदीपात्रात मी ते बसवून घेतलं. तीसेक डिग्री ऊन, गाडी झकास पळत होती. ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणाले, "अजून थोडं आवळ, उडेल." आवळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा पात्रात. पारा अकरावर, हाताची बोटं वळत नव्हती. गाडी अशी सुटली की मी ओरडलोच! धुराचा मागमूस नाही, आवाज चढत चढत शिट्टीसारखा बारीक. चौथ्या फेरीला ती शिट्टी मध्येच तुटली आणि गाडी नुसती घरंगळत पुढे गेली.

थंड हवा दाट असते हो. अकरा डिग्रीला त्याच मापात तीस डिग्रीपेक्षा सहा-सात टक्के जास्त हवा मावते. सुई कालचीच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, तेल कमी.

ते इंजिन घेऊन मी भोसरीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी काहीच विचारलं नाही. फ्लायव्हील अंगठ्याने फिरवलं. चांगल्या इंजिनाचा पिस्टन वरच्या टोकाला अडकतो, कारण पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, वर निमुळती असते आणि तापल्यावरच तिथे मोकळीक मिळते. माझं गरगर फिरलं. मग त्यांनी उघडून पिस्टन उजेडात धरला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, नख फिरवलं तर अडकत होतं. "पोरा, ह्याला तेल मिळालं नाही रे," म्हणाले आणि चहा मागवला. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे. आज आणायला हवा होता.

आपल्या पुण्यात घरटी एक माणूस इंजिनाच्या कारखान्यात गेलेला. खडकीला किर्लोस्कर, आकुर्डीला बजाज, वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय. आणि आपली मुलं तापमानाच्या बंदुकीचा आकडा बघून सुई फिरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. 120 डिग्रीचा आकडा थंडीत गाठायला गेलात तर इंजिन लीन करूनच गाठाल. आकडा शेवटी बघा. आधी धूर, मग आवाज.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. भराभर सांगतो, लिहून घ्या.

इंजिन गरम झाल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. आधी हाय स्पीडची सुई: पूर्ण थ्रॉटलला सरळ पळवा, मागे धुराची रेघ दिसलीच पाहिजे. एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढंच फिरवायचं, मग दोन फेऱ्या मारून ऐकायचं. अडखळत, घरघरत असेल तर रिच, म्हणजे इंधन जास्त, आवळा. धूर गेला की लगेच उलटं फिरवा. त्यानंतर लो स्पीडची सुई: आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, कार्ब्युरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांनी आवाज जरा चढून बंद पडलं तर बरोबर. पटकन मेलं तर लीन, चालतच राहिलं तर रिच. आयडलला कार्ब्युरेटरची फट अर्धा ते एक मिलिमीटर. सकाळी ट्यून केलेलं दुपारी पुन्हा बघायचं, आणि दुपारचं दुसऱ्या सकाळी सुई सैल केल्याशिवाय चालवायचंच नाही.

नळी तोंडाने कधीही ओढायची नाही, मिथेनॉल विष आहे. आणि पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून पोरांना जवळ घेऊन इंधन भरू नका. दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि नळीत, इंजिनात उरलेलं इंधन इंजिन चालवूनच संपवा. मिथेनॉल ओल ओढतं, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. मग इंजिनात दोन थेंब आफ्टर-रन तेल, म्हणजे चालवून झाल्यावर घालायचं तेल, आणि पिस्टन खाली आणून ठेवा, म्हणजे स्लीव्ह वर ताणली जाणार नाही.

खाली अंगणात गाडी तयार आहे. चला, धूर बघू.