जो जास्त ओरडतो, त्याला आधी

(दृश्य: ओट्याला टेकून बसलेली बाई. मांडीवर शाळेची जुनी वही. चेहरा दिसत नाही.)

निवेदन:

ही वही पाचवीतल्या मुलाची. पुढून उघडली तर भूगोल, मागून उघडली तर घराचं कर्ज.

पिंपरी-चिंचवडमधलं चौघांचं कुटुंब. घरधनी कारखान्यात सुपरवायझर, हातात पगार येतो 34,000 रुपये. नावं सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. दीड वर्ष त्यांनी घरात काही कळू दिलं नव्हतं. फोन वाजला की गॅलरीत जायचे. एका रात्री बायको एवढंच म्हणाली, "अहो, रागावत नाही मी. पण कुणाचं किती, ते एकदा लिहून तरी काढू."

लिहिता लिहिता दोन वाजले.

गृहकर्ज, बाकी 11 लाख, हप्ता 12,400. फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज, बाकी 2 लाख 40 हजार, हप्ता 9,200. पतसंस्थेचे दीड लाख, हप्ता 5,100. क्रेडिट कार्डाचे 1 लाख, दरमहा किमान 5,000. गल्लीतल्या सावकाराचे 60 हजार, शेकडा पाचाने महिन्याचं नुसतं व्याज 3,000. पाटल्या गहाण ठेवून घेतलेले 80 हजार. वर मोबाइलवरच्या तीन ॲपचे 46 हजार.

ॲप आणि सोनं सोडूनसुद्धा महिन्याला 34,700 जायला हवे होते. दूध, किराणा, शाळेची फी यातलं काहीच अजून धरलेलं नव्हतं.

(दृश्य: वहीवर फिरणारं बोट. एका ओळीखाली दोनदा रेघ.)

पैसे आले की आधी कुणाला जायचे? ॲपवाल्यांना, कारण ते नातेवाइकांना फोन करायची धमकी द्यायचे. मग फायनान्स कंपनीला, कारण त्यांचा माणूस दारात यायचा. पतसंस्था गप्प होती, म्हणून ती मागे पडली. गृहकर्जाचा एक हप्ता चुकला. जो जास्त ओरडतो, त्याला आधी. आमच्या मते घर बुडतं ते इथे. ओरडणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि ज्याच्या हातात सगळं असतं तो फक्त नोटीस पाठवतो.

गृहकर्ज थकून खातं बुडीत धरलं गेलं की बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर कोर्टाचा निकाल न घेताही ताब्याच्या मागे लागू शकते. पतसंस्थेचंही तसंच. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला की जप्ती येते, आणि जामीनदारही सुटत नाही. यांचा जामीनदार म्हणजे शेजारच्या मशीनवरचा सहकारी. त्याच्या पगारावर टाच आली असती, आणि सकाळ-संध्याकाळ त्याचंच तोंड पाहायचं होतं.

कार्ड मात्र गोड बोलून खातं. 1 लाख बाकीवर महिना साडेतीन टक्के म्हणजे 3,500 व्याज. त्यावर 18 टक्के जीएसटी, 630. तुम्ही किमान रक्कम म्हणून 5,000 भरता, तेव्हा मुद्दल फिटते 870 रुपये. वहीत या 870 भोवती गोल केलाय. "हे बघितलं आणि मला रडूच आलं," ती सांगते.

(दृश्य: सुपे गावातला रस्ता, सकाळ.)

जरा मागे जाऊ. 12 मे 1875, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकरी बाजारात जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढले आणि पेटवले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. पुढे 1879 मध्ये कायदा आला. कोर्टाने नुसता रोखा न बघता त्यामागचा हिशेब पहिल्यापासून तपासायचा, आणि पैसे फेडता आले नाहीत म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. ते लोक अडाणी नव्हते. आपल्याला काय बांधून ठेवतंय हे त्यांना नेमकं माहीत होतं: सही केलेला कागद.

आजही सावकाराकडे तोच कागद असतो, फक्त आता तो चेक असतो. यांनी दोन कोरे चेक सही करून दिले होते. चेक वटला नाही तर फौजदारी खटला होतो, म्हणून 60 हजारांचं हे कर्ज 11 लाखांपेक्षा जास्त टोचत होतं. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही बिनतारणी कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांवर जाता येत नाही. इथे तर 60 टक्के चालले होते. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची असते. यांनी अर्ज लिहिला, पण दिला नाही. त्याच गल्लीत राहायचं होतं. आम्हाला वाटतं, द्यायला हवा होता.

मग वाट कुठून निघाली? पाटल्यांपासून. गहाण सोनं लिलावात जाऊ द्यायचं नाही, आपण सोडवून आपणच विकायचं. मेव्हण्याकडून दोन दिवसांच्या बोलीवर 86 हजार हातउसने घेतले, सोनं सोडवलं आणि 1 लाख 85 हजारांना विकलं. मेव्हण्याचे देऊन उरले 99 हजार. त्यातले 60 हजार सावकाराला, दोन माणसांसमोर, दोन्ही चेक परत घेऊन. बाकीचे 39 हजार कार्डावर. उरलेल्या 61 हजारांचे बँकेकडून 24 हप्ते करून घेतले, महिना 3,050. कार्ड कात्रीने कापलं. पतसंस्थेच्या सचिवांपुढे दोघंही वही घेऊन बसली. मुदत वाढली, हप्ता 3,800 वर आला.

पाटल्या सासूबाईंच्या होत्या. त्यावर ती जास्त बोलत नाही.

सगळी कर्जं मिळून एकच मोठं कर्ज घ्या, असा फोन रोज यायचा. व्याज खरंच कमी होत असेल आणि कार्ड बंद होणार असेल, तर ते ठीक. एरवी ती नुसती टोपी फिरवणं. तडजोडीत कमी रक्कम भरून सुटायचं असेल, तर आधी कंपनीचं लेखी पत्र घ्या, पैसे कर्जखात्यातच भरा आणि एवढं लक्षात ठेवा की सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि तो पुढची काही वर्षं आडवा येतो. अगदीच काही उरलं नसेल, तर नादारीचा, म्हणजे कर्ज फेडूच शकत नाही असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचा, अर्ज आहे. मुंबईत 1909 चा आणि राज्यात इतरत्र 1920 चा, असे इंग्रजांच्या काळातले कायदे त्यासाठी अजून चालतात. तारण दिलेलं घर मात्र त्याने वाचत नाही.

जप्तीची भीती घालणाऱ्याला हेही सांगता येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे कोर्टाच्या हुकमानेही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्राकडे बोट दाखवणाऱ्या वसुलीवाल्याला कायद्याचा आधार नाही.

तीन ॲपपैकी दोन रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या कर्ज-ॲपच्या यादीत सापडली नाहीत. फोटो बिघडवून पाठवायची धमकी आली, तेव्हा यांनी 1930 वर सायबर तक्रार नोंदवली. त्या दिवसांत त्यांची झोप पार उडाली होती. तुमच्या घरात कुणी असं गप्प गप्प राहत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा, मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू. तो आजच फ्रिजवर लिहून ठेवा.

(दृश्य: संध्याकाळ. पोळ्यांच्या ऑर्डरीचे डबे रांगेत. ओट्यावर वही उघडी.)

फायनान्स कंपनीला मुदत वाढवून हप्ता 5,900 करा, असं पत्र दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

(फोन वाजतो. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.)

आता फोन घेऊन कुणी गॅलरीत जात नाही. ती हात पुसते, पेन उचलते आणि वहीत तारखेपुढे लिहिते: 7 वाजून 20 मिनिटं.