कुंडीतल्या टोमॅटोचा पहिला हंगाम

गणपतींचे विसर्जन होते, पावसाचा जोर ओसरू लागतो आणि पुण्याच्या हवेत ऑक्टोबरच्या उन्हाची चाहूल लागते. टोमॅटोचे बी पेरण्यासाठी हाच काळ उत्तम. प्रथमच कुंडीत टोमॅटो लावणारे अनेक जण आधी बियांचे पाकीट आणतात आणि मग कुंडी शोधतात. वास्तविक त्यांनी सर्वांत आधी दिनदर्शिका पाहायला हवी. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील अँडीज पर्वताच्या परिसरातले. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री सुखद गारवा त्याला मानवतो. पुण्यात असे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळतात. एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की परागकण दुबळे होतात, फळ धरत नाही आणि फुले देठापासून गळून पडतात. भर पावसाळ्यात पाने सतत ओली राहिल्याने करपा हा बुरशीजन्य रोग बळावतो. म्हणून सप्टेंबरमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये मोठ्या कुंडीत लागवड आणि डिसेंबरअखेरपासून तोडणी, हा क्रम नवख्या माणसाला सर्वांत कमी त्रास देतो.

यानंतरचा प्रश्न जागेचा. टोमॅटोला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते आणि हे ऊन कुठे पडते, हे सदनिकेत राहणाऱ्याने हिवाळ्याचा विचार करून ठरवावे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेकडची बाल्कनी उजळलेली दिसते. डिसेंबरमध्ये मात्र तोच सूर्य दक्षिणेकडे बराच खाली झुकतो. दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत शिरते आणि उत्तरेची बाल्कनी दिवसभर सावलीत राहते. पावसाळ्यातील उजेडावर विश्वास ठेवून उत्तरेला ठेवलेली रोपे पुढे उंच, किरकोळ आणि फिकट होतात. दक्षिणेला समोरची इमारत अगदी जवळ असेल, तर सोसायटीच्या गच्चीवर दोन कुंड्यांपुरती जागा मागणे अधिक शहाणपणाचे.

कुंडी मोठी हवी. १५ ते २० लिटर माती मावेल, तळाशी पाणी निथळण्यासाठी पुरेशी छिद्रे असतील आणि खोली किमान एक फूट असेल, एवढे पाहिले म्हणजे ती प्लॅस्टिकची आहे की मातीची, हा प्रश्न गौण ठरतो. मातीच्या मिश्रणाबाबत मात्र तडजोड नको. शेतातली काळी माती जमिनीत कितीही कसदार असली, तरी कुंडीत ती एकटी वापरली तर पाण्याने चिकट होते, सुकली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळत नाही. रोपवाटिकेत पोत्याने मिळणारी लाल माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि भिजवून मोकळे केलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, साधारण समप्रमाणात घ्यावे आणि त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. असे मिश्रण वजनालाही हलके राहते. बाल्कनीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण ओल्या मातीने भरलेली मोठी कुंडी सहज वीस किलोंच्या पुढे जाते. कुंडीखाली थाळी ठेवावी. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी पडले, तर बाग पहिल्याच महिन्यात वादाचा विषय होते.

वाणाची निवड फार गुंतागुंतीची करण्याचे कारण नाही. लहान फळांचे चेरी टोमॅटो नवख्यांना सहसा निराश करत नाहीत. मोठी फळे हवी असतील, तर बंगळूरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण विचारात घ्यावा. पाने वळवून झाड खुरटवणारा पर्णगुच्छ विषाणू, झाड कोमेजवणारी जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना तो बऱ्यापैकी प्रतिकार करतो. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. आठवड्याभरात ते उगवते आणि तीन-चार आठवड्यांत रोप वीतभर होते.

हे रोप मोठ्या कुंडीत लावताना खोडाकडे बारकाईने पाहावे. त्यावर पांढरट, मऊ लव असते आणि बोट फिरवले की टोमॅटोच्या पानांचा तो उग्र हिरवा वास बोटाला चिकटून राहतो. या खोडाचा जो भाग मातीखाली जातो, त्याला नवी मुळे फुटतात. म्हणून खालची पाने काढून टाकून रोप वरच्या दोन-तीन पानांच्या जोड्यांपर्यंत खोल गाडावे. मिरची किंवा वांग्याचे रोप इतके खोल लावत नाहीत. टोमॅटोला मात्र त्याचा निश्चित लाभ होतो. लागवड संध्याकाळी करावी आणि पुढचे दोन-तीन दिवस रोपाला दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा.

आता पाणी. कुंडीतल्या टोमॅटोच्या यशापयशाचा खरा निवाडा खतापेक्षा पाण्यावर होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. जमिनीतले झाड पाणी कमी पडले तर मुळे खोल नेऊन ओल शोधते. कुंडीतल्या झाडाला तो मार्ग बंद असतो आणि त्याच्या वाट्याची सगळी ओल माणसाच्या हातून यावी लागते. रोप लहान असते तेव्हा त्याला थोडेसे पाणी पुरते, पण फळांनी लगडलेले मोठे झाड उन्हाच्या दिवसात एक ते दोन लिटर पाणी सहज पिते. त्यामुळे ठरावीक तांब्या ठरावीक वेळी ओतण्यापेक्षा रोज सकाळी मातीत बोट घालून पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली, तर तळाच्या छिद्रातून थेंब पडेपर्यंत पाणी द्यावे. बोटाला ओलसर, भुसभुशीत माती लागली, म्हणजे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तसे ओल आणि हवा यांचे प्रमाण साधलेले असले, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले, की ही स्थिती अधिक काळ टिकते. पाणी बुंध्याशी घालावे. पाने भिजवू नयेत.

पाण्यातला अनियमितपणा फळावर अगदी नेमका उमटतो. देठाच्या विरुद्ध टोकाला प्रथम पाणचट डाग दिसतो, मग तो काळपट, चपटा आणि चामड्यासारखा होतो. अशी फळे पाहून पुष्कळ जण बुरशीनाशक आणायला धावतात, पण हा बुरशीचा रोग नव्हे. वाढत्या फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण असते आणि बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असते. ते मुळांतून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. पानांतून बाष्प भरपूर बाहेर पडत असल्याने पाने तो प्रवाह आपल्याकडे खेचतात. फळातून बाष्प फारसे जात नसल्याने पाणी तुटले की पहिली उपासमार फळाची होते, तीही त्याच्या सर्वांत दूरच्या टोकाची. अंड्यांची टरफले मातीत घातल्याने हा दोष लगेच दूर होत नाही, कारण ती फार सावकाश विरघळतात. पाणी नियमित झाले, की पुढची फळे सहसा निर्दोष येतात. याउलट दोन-तीन दिवस कोरड्या ठेवलेल्या कुंडीत एकदम भरपूर पाणी ओतले, तर पिकत आलेल्या फळाची साल तडकते.

आधाराची कला पुण्याला परकी नाही. जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या आसपास, टोमॅटोची शेती फार मोठ्या प्रमाणावर होते आणि तिथल्या शेतांत बांबू, तार आणि सुतळी यांच्या आधाराने झाडे ताठ उभी केलेली दिसतात. कुंडीत एक मजबूत काठी पुरते, मात्र ती लागवडीच्या वेळीच रोवावी, नाहीतर नंतर मुळे दुखावतात. सुतळी खोडाभोवती सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधावी. उंच वाढणाऱ्या वाणांत पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारी बगलफूट कोवळी असतानाच खुडावी. बुटक्या वाणांत ती खुडण्याची गरज नसते.

महिन्या-दीड महिन्यात पिवळी फुले येतात. एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे एकटे झाडही फळ धरते. परागकण मात्र पुंकेसरांच्या बंद नळीत असतात आणि ते कंपनाने खाली झडतात. निसर्गात वारा आणि फुलाला धरून अंग थरथरवणाऱ्या भुंग्यासारख्या मधमाश्या हे काम करतात. काचा लावलेल्या बाल्कनीत दोन्ही पोहोचत नाहीत. तिथे सकाळी उशिरा, हवा कोरडी झाल्यावर, फुलांच्या घोसाला बोटाने हलके टिचकावे. फुलांऐवजी नुसती गर्द हिरवी पाने वाढत असतील, तर नत्र (नायट्रोजन) जास्त झाले आहे असे समजावे आणि खत थांबवावे.

किडींपैकी पांढऱ्या माशीकडे दुर्लक्ष करू नये. पान उलटून रोज पाहावे. झाड हलवल्यावर पिठाच्या कणांसारखे काही उडाले, तर ती आलेली आहे. पिवळे चिकट सापळे लावावेत आणि संध्याकाळी निंबोळी तेलाचे सौम्य द्रावण पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. पाने वाटीसारखी वळून शेंडा खुरटला, तर पर्णगुच्छ रोग झाला असे मानून ते झाड उपटावे. हे जड जाते, पण त्यावर औषध नाही आणि पांढरी माशी तोच विषाणू शेजारच्या कुंडीत नेते.

फळाच्या टोकावर गुलाबी छटा दिसू लागली, की ते तोडून घरात ठेवले तरी चांगले पिकते. पक्ष्यांचा उपद्रव असलेल्या गच्चीवर तसेच करावे. एका निरोगी झाडाने दोन-तीन किलो फळे दिली, तरी ते समाधानकारक उत्पन्न होय. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता, तशा भावाची भरपाई बाल्कनीतून होणार नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. मार्चच्या उन्हात फळधारणा मंदावली, की झाड काढावे आणि ती माती पसरून उन्हात चांगली तापवावी. त्याच मातीत लगेच वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नये, कारण ही सगळी एकाच कुळातली पिके असल्याने त्यांचे रोगही बरेचसे सामाईक आहेत. तापवून शेणखत मिसळलेल्या त्या कुंडीत उन्हाळ्यासाठी गवार किंवा चवळी पेरावी.