पाकिटाची मागची बाजू

(दृश्य: नाशिक, सीबीएस परिसरातलं एक मेडिकल, संध्याकाळची गर्दी. काउंटरवर कुणीतरी ठेवलेली रिकामी स्ट्रिप.)

"हीच द्या, तीन पाकिटं." व्यवहार एवढ्यावर संपतो. डॉक्टरांची चिठ्ठी घरी फायलीत असते, दोन-तीन वर्षांपूर्वीची. गोळीने बरं वाटलं म्हणून गोळी चालू राहिली, आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांकडे जाणं थांबलं. सातपूर-सिडकोच्या घरांत आणि गंगापूर रोडच्या सोसायट्यांतही नैराश्याची, चिंतेची औषधं अशी चालू असतात. ती वर्षानुवर्षं घ्यावी लागणं यात लाजण्यासारखं काही नाही. काळजीची गोष्ट एवढीच, की रोज पोटात जाणाऱ्या या गोळीकडे कुणाचंच लक्ष नसतं.

(दृश्य: स्ट्रिप उलटी केली जाते. चांदीच्या कागदावरची बारीक अक्षरं.)

मागची बाजू वाचा. पहिल्या ओळीत एस्सिटालोप्राम, 10 मिलिग्रॅम. हे नैराश्यावरचं औषध. आता त्याखालची ओळ: क्लोनाझेपाम, 0.5 मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत दोन औषधं आहेत. नावापुढे 'प्लस', 'फोर्ट' किंवा 'एलएस' अशी शेपटी असेल, तर मागची बाजू वाचायलाच हवी. दुसऱ्या ओळीत कधी क्लोनाझेपामऐवजी त्याच जातीचं एटिझोलामही असतं.

दोन्ही एकत्र देण्यामागे कारण आहे. एस्सिटालोप्रामचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला 6 ते 8. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, डोकेदुखी होते, बेचैनीही थोडी वाढते. तेवढे दिवस झोप लागावी, छातीतली धडधड थांबावी, म्हणून क्लोनाझेपाम जोडलं जातं. त्याचं काम 2 ते 4 आठवड्यांचं. पण एकाच गोळीत बांधलेलं असल्यामुळे ते वेगळं बंद करता येत नाही. पहिलं औषध लांबलं की दुसरंही त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जातं.

"या गोळ्यांची सवय लागते का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर या दोन ओळींत वेगवेगळं आहे. क्लोनाझेपामची सवय लागते. शरीर सरावतं, तेवढ्याच मात्रेचा गुण कमी होतो, विसरभोळेपणा येतो, म्हातारपणी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. दारूसोबत घेतलं तर श्वास मंदावतो. आणि ते एकदम तोडलं तर फिटचे झटके येऊ शकतात. एस्सिटालोप्रामसारख्या औषधांनी तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. तरी शरीर त्यांना सरावतंच, म्हणून तीही एकदम सोडायची नसतात.

तुमच्या पाकिटावर दोन ओळी असतील, तर डॉक्टरांना पहिलं एकच सांगा: "ही दोन औषधं वेगळी करून द्या." एस्सिटालोप्राम आहे तेवढंच राहतं. क्लोनाझेपाम 0.5 वरून 0.25 आणि मग त्याची अर्धी गोळी, असं दर पायरीला दोन आठवडे किंवा जास्त घेत उतरवलं जातं. वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसाला याहूनही सावकाश जावं लागतं. दोन्ही औषधं एकाच वेळी कमी करायला घेऊ नका. त्रास झाला तर तो कशामुळे, हेच कळत नाही.

(दृश्य: त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय, बाह्यरुग्ण विभागाची रांग.)

औषध किती दिवस घ्यायचं? पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल, तर पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान 6 ते 9 महिने. मोजणी बरं वाटल्यापासून करायची, पहिल्या गोळीपासून नाही. चिंतेच्या आजारात साधारण वर्षभर. नैराश्य परत परत येत असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, काहींना कायम.

लांब चालणाऱ्या औषधाची सहा महिन्यांनी एकदा तपासणी हवी. जाताना वजनाचे आकडे, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि दोन ओळींची नोंद न्या: झोप कशी आहे, कामात मन लागतं का. डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात, पीएचक्यू-नाइन. गुण 0 ते 27. 10 किंवा जास्त आले तर आजार अजून अंगात असण्याची शक्यता असते. जुने आकडे जपून ठेवा. "मला बरं वाटतंय" या वाक्यापेक्षा 17 वरून 4 वर आलेला आकडा पुढच्या निर्णयाला जास्त उपयोगी पडतो.

साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीत आमचा आग्रह सोडियमच्या तपासणीचा आहे. ही औषधं रक्तातलं सोडियम कमी करू शकतात, विशेषतः सुरुवातीच्या काही आठवड्यांत. नावाच्या शेवटी 'एच' लागलेली किंवा क्लोरथॅलिडोन असलेली बीपीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण तीही लघवीवाटे सोडियम घालवते. सोडियम 135 ते 145 च्या दरम्यान हवं. आजी अचानक गोंधळल्यासारख्या बोलायला लागल्या, डोकं दुखतंय म्हणाल्या, दोनदा पडल्या, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. 65 वर्षांपुढे एस्सिटालोप्राम साधारणपणे 10 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. हृदयाचा आजार असेल तर ईसीजी काढून घेतात. व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्यावरचं दुसरं औषध घेणाऱ्यांनी बीपी मोजत राहायचं.

(दृश्य: स्वयंपाकघरातला औषधांचा डबा.)

घरातल्या या डब्यातही बघायला हवं. गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन: या गोळ्या आणि नैराश्याची गोळी एकत्र आल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरी. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप आणि काही टीबी रुग्णांना दिलं जाणारं लिनेझोलिड, ही तीन नावं चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा. नैराश्याच्या औषधासोबत त्यांनी अंग थरथरणं, दरदरून घाम, ताप, जुलाब, स्नायू ताठरणं असा त्रास होऊ शकतो. असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

एका त्रासाबद्दल डॉक्टरांच्या खोलीत कुणी तोंड उघडत नाही. लैंगिक इच्छा कमी होते, पुरुषांत वीर्यपतन लांबतं, स्त्रियांना समाधान मिळत नाही. हे या औषधांमुळे होतं आणि बऱ्याच जणांना होतं. नवरा-बायकोत अबोला सुरू होतो आणि एक दिवस गोळी गुपचूप बंद होते. सांगितलं तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं. भावना बोथट होणं, ना रडू ना हसू, हेही पुष्कळदा मात्रेशी जोडलेलं असतं. दोन्ही तक्रारी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. हवं तर कागदावर लिहून पुढे करावा.

एखादी गोळी चुकली तर? त्याच दिवशी आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच घ्या, दोन नाही. अंबडच्या कारखान्यात कामाची पाळी बदलत असेल तर गोळी पाळीला न बांधता ठरलेल्या एका वेळेला बांधा, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात गोंधळ होत नाही. नवरात्रात नऊ दिवस उपवास असतात, सप्तशृंगी गडावर जाणं असतं, आणि गोळी मागे पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर आणि चिडचिड सुरू होते, आणि दोष मात्र उपवासाला दिला जातो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन उपाशीपोटी पाण्यासोबत चालतात.

(दृश्य: दिंडोरी रस्ता, काढणी झालेली द्राक्षबाग.)

आता गोळी बंद करण्याविषयी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

2021 मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 478 माणसं, दीर्घकाळ औषध घेणारी, बरं वाटत असलेली आणि थांबवायचा विचार करणारी. 52 आठवड्यांत औषध चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना आजार परत आला. हळूहळू बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना. म्हणजे बंद केल्यावर धोका वाढतो हे खरं. पण बंद करणाऱ्यांतल्या 44 टक्क्यांचा आजार वर्षभरात परत आला नाही, हेही तितकंच खरं. आपण कुठल्या गटात असू हे आधी कळत नाही, म्हणून उतरण्याची पद्धत महत्त्वाची.

गोळी निम्मी केली की परिणामही निम्मा होतो, असं वाटतं. तसं नसतं. ही औषधं सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाहकांना अडवतात. सिटालोप्राम या एस्सिटालोप्रामच्या जवळच्या औषधाचं बघा: 40 मिलिग्रॅमला सुमारे 86 टक्के वाहक अडलेले असतात. 20 मिलिग्रॅमला? सुमारे 80. मात्रा अर्ध्यावर आली तरी फरक जेमतेम सहा टक्क्यांचा. 9 मिलिग्रॅमला 70, साडेपाचच्या आसपास 60. त्यानंतर मात्र कडा सुरू होतो. 20 वरून एकदम शून्यावर आलात तर 80 टक्क्यांची उडी काही दिवसांतच. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या मोठ्या चालतात, शेवटच्या अगदी लहान हव्यात. लोक नेमकं उलट करतात: "आता थोडीशीच तर राहिली" म्हणून शेवटची अर्धी गोळी फेकून देतात.

(दृश्य: गोळी कापायच्या कटरमध्ये 5 मिलिग्रॅमची गोळी. पातं खाली येतं.)

एस्सिटालोप्राम 10 घेणाऱ्यासाठी डॉक्टर असा उतार आखू शकतात: 10 वरून 5, मग 5 च्या गोळीचा अर्धा भाग, मग पाव. प्रत्येक पायरीवर 2 ते 4 आठवडे. बरीच वर्षं घेतलेल्यांना आणखी सावकाश, मधल्या पायऱ्या घालून. एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची, ही पद्धत वापरू नका. रक्तातलं प्रमाण रोज वर-खाली होतं. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटीन कित्येक आठवडे रेंगाळतं, म्हणून ते उतरवणं त्यामानाने सोपं. 'एक्सआर', 'ईआर', 'सीआर' लिहिलेल्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कापायच्या किंवा चावायच्या नाहीत. त्यासाठी कमी पॉवरची गोळी मागायची.

उतरताना चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका, रडू कोसळणं हे मात्रा कमी केल्यावर बहुधा काही दिवसांतच सुरू होतं. आजार परतत असेल तर तो सहसा काही आठवडे-महिन्यांनी, हळूहळू येतो. त्यात विजेचे झटके नसतात. हा फरक ओळखला नाही, की "बघा, गोळीशिवाय जमतच नाही" असा निष्कर्ष निघतो. त्रास असह्य झाला तर आधीच्या पायरीवर परत जायचं. त्याने बहुतेकदा काही दिवसांत आराम पडतो. पुढचं पाऊल मग आणखी छोटं ठेवायचं.

सुरुवात कधी करायची, हेही ठरवून घ्यावं. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराने ऑक्टोबर छाटणीपासून माल जाईपर्यंत हे काम काढू नये. व्यापाऱ्याचे पैसे हातात आल्यावर सुरू करावं. घरात बारावीची परीक्षा, लग्न, नुकताच झालेला मृत्यू असेल तर थांबावं. गर्भधारणेची शक्यता असेल तर गोळी स्वतःहून तोडू नका, आधी विचारा.

25 वर्षांखालच्या मुलांत औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे आत्महत्येच्या विचारांवर बारीक लक्ष ठेवा. कुणालाही झोप कमी होऊन अचानक भलताच उत्साह, बडबड, उधळपट्टी सुरू झाली, तर तो निराळा आजार असू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जनऔषधी केंद्रात हीच औषधं कमी किमतीत मिळतात. तिथेही मागची बाजू वाचूनच घ्या.

(दृश्य: पुन्हा ती स्ट्रिप. आता सहा गोळ्या उरलेल्या.)

शेवटची पाव गोळी संपल्यावर पहिल्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा. पीएचक्यू-नाइनचा कागद सोबत न्या. उरलेल्या गोळ्या "तुलाही झोप लागत नाही ना" म्हणत जावेला किंवा शेजारणीला देऊ नका. स्ट्रिप मेडिकलवाल्याला दाखवा, परत घेतो का विचारा. घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढा, ओल्या चहापत्तीत मिसळा, पिशवीला गाठ मारा आणि घंटागाडीत टाका.