चौदाव्या दिवसाचे घर

नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या रामकुंडावर, दिवस उजाडण्यापूर्वीच माणसे जमू लागतात. पायरीवर मान खाली घालून न्हाव्यासमोर बसलेल्या या तरुणाच्या आईचा आज दहावा आहे.

ताम्हनात दिसतो तो अश्मा. घरोघरी त्याला जीवखडा म्हणतात. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडले, तोच हा दगड. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात वसतो असे मानून त्याच्यावर तिलांजली सोडली जाते आणि आज तो पाण्यात जाईल. तळहाताएवढाही नसलेला हा दगड मुलगा किती जपून उचलतो, ते पाहावे.

मग भाताचे पिंड उघड्यावर ठेवून सारे मागे सरतात. कावळे भिंतीवर आहेत, पण शिवत नाहीत. अशा वेळी घरातील वडीलधारे पुढे होतात आणि, एरवी चारचौघांत ज्या गोष्टी कधी निघाल्या नसत्या, त्या हात जोडून मोठ्याने सांगतात: धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ, यांच्या औषधपाण्याकडे आम्ही पाहू. तरीही कावळा शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. आत्म्याचे पुढे काय होते, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. शोकाला येथे जागा, वेळ आणि ऐकणारी माणसे मिळतात, एवढे कॅमेऱ्याने टिपले.

तेराव्याचे गोडाचे जेवण झाले, सतरंज्या झटकून परत गेल्या, पाहुण्यांनी गाड्या पकडल्या. चौदाव्या दिवशीचे हे घर. खिडकीत गेलेल्या आईची गोळ्यांची डबी आहे. गुरुवारपासूनचे कप्पे अजून भरलेले आहेत.

शोकाच्या पाच पायऱ्या - नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार - अनेकांना ठाऊक असतात, पण मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात, अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ तितकीच तीव्र राहिली आणि रोजचे व्यवहार थांबले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो दीर्घकालीन शोकविकार मानला जाऊ शकतो. अशा वेळी तज्ज्ञांची मदत घ्यावी. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

शेजारच्या काकू पिठले-भात घेऊन पहिल्या दिवशी आल्या होत्या. आज विसावा दिवस. त्या भाजीची वाटी घेऊन दारात उभ्या आहेत आणि आजोबा डबी बाजूला सरकवून त्यांना बसायला जागा करीत आहेत.